पाव वळसा

वेस गिलरीच्या उजव्या हाताची अनामिका वाकडी होती, आणि ती मी वाकडी केली होती.

माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. खाली वाकायचं, दोन पायांमधून चेंडू मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकच्या हातात द्यायचा आणि मग समोरचा राक्षस अंगावर घ्यायचा, हे माझं काम. आमच्या धंद्यात, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये, त्याला सेंटर म्हणतात. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातातून सगळा खेळ निघतो तो, पेपरात फोटो येतो तो. एका सकाळी वेसने आवाज द्यायच्या आधीच मी चेंडू वर आणला आणि त्याचं बोट मधल्या सांध्यात मोडलं. डॉक्टरने बसवलं, पण ते नीट बसलं नाही. "लेनी, आता मी तीन बोटं दाखवली की वेटर अडीच बिअर आणेल," एवढंच वेस म्हणाला आणि पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

आमचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि एका अंगाला जाड दोऱ्यांची शिवण. बोटं शिवणीवर बसली तरच फेक सरळ जाते. वेसचं वाकडं बोट तिथे बसेना. मग चेंडू देताना मी मनगट पाव वळसा जास्त फिरवायला लागलो. एक उन्हाळा गेला शिकायला. त्यानंतर नऊ वर्षं मी त्याचा विचारही केला नाही. श्वास घेताना कोण विचार करतं?

दर जुलैच्या शेवटी आमचा रिव्हरमेन संघ मिनेसोटातल्या एका लहान कॉलेजात सहा आठवडे तळ ठोकायचा. चहूकडे मका, दिवसातून दोनदा सराव, आणि सहा फूट पाच इंचाच्या माणसांना पोरांच्या खाटा. नव्वद जण यायचे, पंचेचाळीस राहायचे. बाकीच्यांना घरी पाठवायचं काम एका सहायकाकडे होतं, त्याला आम्ही पाद्री म्हणायचो. सकाळी नाश्त्याच्या वेळी तो मागून यायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि हळू आवाजात सांगायचा, "कोच बोलावतायत. वही घेऊन ये." वहीत संघाच्या सगळ्या चाली असायच्या. ती परत मागितली की माणूस संपला. पाद्री जेवणघरात शिरला की दीडशे किलोचे गडी ताटात डोकं घालून अंडी मोजायचे.

अठ्ठ्याहत्तरच्या त्या उन्हाळ्यात वेस छत्तीस वर्षांचा होता. सकाळी त्याचा खांदा दाराच्या बिजागरीसारखा वाजायचा. त्याच्या मागे दुसऱ्या जागेसाठी कोच ब्रॉकवेंनी एक कॉलेजातला नावाजलेला पोरगा आधीच करारात बांधून ठेवला होता. म्हणजे वेस पहिला राहिला तर राहिला, नाहीतर घरी. तरी कोणी काळजीत नव्हतं. वेसच्या मागे नऊ वर्षांत सहा जण आले होते आणि सहाही गेले होते.

पहिल्या रविवारी खुली चाचणी असायची. कोणीही यावं, पळून दाखवावं. दूधवाले, शाळामास्तर, तुरुंगाचे शिपाई, दोनशे जण येत. त्यातून एखादा निवडायचा, बहुतेक वेळा तोही नाही. एझेल ग्रँडबेरी मिसिसिपीहून दोन दिवस बसने प्रवास करून आला होता. काळ्या मुलांच्या एका छोट्या कॉलेजात खेळलेला, सडपातळ, तेवीस वर्षांचा. तो पळाला तेव्हा कोचनी हातातलं घड्याळ दोनदा पाहिलं आणि कागदावर लिहिलं, झेलणारा.

"मी क्वार्टरबॅक आहे, सर," एझेल म्हणाला.

"बाळा, तुझे पाय पाहिलेस का?"

"पाहिलेत, सर. पण पायांबरोबर हातही घेऊन आलोय."

आसपासचे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. त्या काळात काळ्या पोराला क्वार्टरबॅक करत नसत. त्याला पळायला लावत, झेलायला लावत. डोकं चालवायची जागा आमच्यासारख्यांची, असं सगळे धरून चालले होते आणि मी काही वेगळा नव्हतो. कोच मात्र वाईट माणूस नव्हते, जिद्दी होते. "चार आठवडे फेक," ते म्हणाले. "पहिल्या फळीबरोबर, कोवालचिकच्या हातून. जमलं नाही तर झेलणारा म्हणून राहा." कोवालचिक म्हणजे मी.

"जमलं नाही तर मी परतीची बस पकडेन, सर."

क्वार्टरबॅकला सरावात लाल सदरा देतात, म्हणजे त्याला कोणी धडकायचं नाही. कपडे सांभाळणाऱ्याने एझेलला पांढरा सदरा दिला, झेलणाऱ्याचा नंबर घातलेला. लाल संपलेत म्हणाला. फडताळात चार होते, मला दिसत होते.

सोमवारी तो माझ्या मागे उभा राहिला. क्वार्टरबॅकला मी चेहऱ्याने ओळखत नाही. मला दिसतं ते गवत, चेंडू आणि समोरच्याचे बूट. मागे कोण आहे ते चेंडू घ्यायला माझ्या मांड्यांमध्ये टेकलेल्या हातांवरून कळतं. वेसचे हात जड, आत्मविश्वासाचे, थोडे घामट. एझेलचे हात कोरडे होते आणि हलके होते. त्याने आवाज दिला. मी चेंडू दिला आणि तो त्याच्या हातातून खाली पडला. पुन्हा दिला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा कोच ओरडले, "लोण्याचे हात."

लोण्याचे हात. हे शब्द मी आधी ऐकले होते. वाकलेलाच होतो तिथे मी नावं मोजायला लागलो. डार्डेन, मॅकनल्टी, तो लाल केसांचा पोलंडवाला, ओक्लाहोमाचे दोघे चुलतभाऊ, प्रूइट. सहा जण. प्रत्येकाबद्दल कोच हेच म्हणाले होते, आणि प्रत्येकाला चेंडू मी दिला होता. पाव वळसा फिरवून, शिवण दुसरीकडे, गुळगुळीत चामडं तळव्यावर. नऊ वर्षं मला वाटत होतं, वेससारखा दुसरा नाही. दुसरा होऊच दिला नव्हता मी.

मान वर करून पाहिलं. वेस पाण्याच्या पिंपाशी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नजर मक्याच्या शेताकडे वळवली. मी तोंड उघडलं नाही. मित्र होता माझा. त्याच्या मुलीचा मी धर्मपिता.

मंगळवारी एझेलच्या हातून एकही चेंडू पडला नाही.

मला आधी वाटलं, माझंच मनगट चुकतंय. दहा दिले, वीस दिले, सगळे पाव वळशाचे. प्रत्येक वेळी ते कोरडे हात चेंडू वाकडाच घेत होते आणि मागे सरकता सरकता बोटांत फिरवून शिवणीवर येत होते. मला दिसत नव्हतं, पण चामड्यावर बोटं घासल्याचा बारीक आवाज येत होता. असं करायला जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात माणसाची पापणी लवते. एका रात्रीत हे कसं शिकला?

दुपारी मी बर्फाच्या बादलीत पाय घालून व्हरांड्यात बसलो होतो. तो आला, टोपी काढली.

"मिस्टर कोवालचिक, एक विचारू?"

"लेनी म्हण. आणि बस, मान दुखते माझी."

तो बसला नाही. "तुम्ही चेंडू गिलरी साहेबांच्या बोटासाठी फिरवता ना?"

मी बादलीत पाहत राहिलो. "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. काल जेवताना त्यांनी चमचा कसा धरला ते पाहिलं. मग खोलीत जाऊन उशी तशी धरून बघितली."

"मग कोचना सांग जाऊन. लोण्याचे हात तुझे नाहीत म्हणून."

"नको. तुम्ही बदलूही नका," तो म्हणाला. "ते पहिले आहेत. तुमचं मनगट त्यांचं आहे. मी घेईन जसा येईल तसा."

मला राग आला. खरंच राग आला. शिव्या दिल्या असत्या तर मी शिव्या परत केल्या असत्या आणि हिशेब मिटला असता. हा पोरगा मला माफ करत होता आणि वर परवानगी देत होता. "तुला कोणी विचारलं, मी काय करू आणि काय नको?" मी म्हणालो. "उद्या जेवण झाल्यावर वसतिगृहाच्या मागे ये. चेंडू घेऊन."

तीन आठवडे आम्ही दुपारी त्या मागच्या गवतावर उभे राहिलो. रोज शंभर चेंडू, सरळ, शिवण थेट बोटांखाली. पहिले काही दिवस माझं मनगट ऐकेना. अर्ध्या वाटेत आपोआप फिरायचं आणि मी स्वतःलाच शिव्या घालायचो.

"मनगटाला शिव्या देऊ नका," एझेल म्हणायचा. "ते इमानी आहे."

"गप. आवाज दे."

हळूहळू जमलं. सरावात मागे वेसचे जड हात आले की पाव वळसा, कोरडे हात आले की सरळ. मला कोणाला फसवल्यासारखं वाटत नव्हतं. दोन भाषा बोलणारे लोक असतातच की.

सरावात त्याला लोक धडकत होते. लाल सदरा नव्हता ना. मुद्दाम धडकत होते, उशिरा धडकत होते, चेंडू गेल्यावर धडकत होते. बक लिंडस्ट्रॉम नावाचा आमच्याच संघाचा एक अजस्र माणूस सहा वर्षं रोज माझ्या समोर उभा राहायचा. त्याने एकदा एझेलला असं आपटलं की मला वाटलं पोरगा उठत नाही. मी जागेवर येऊन वाकलो. मागून पावलं आली. हात आले. तिथेच, तेवढेच, कोरडे. आणि आवाज, अगदी आधीच्या पट्टीत. वेससुद्धा मार खाल्ल्यावर पुढचे दोन आवाज जरा वर चढवायचा. चौदा वर्षं खेळलेला माणूस. हा पोरगा चढवत नव्हता.

सगळा मुक्काम बदलायला लागला हे मला नाश्त्याला कळलं. एझेल पहिल्या दिवसापासून वही टेबलावर, ताटाशेजारी ठेवून जेवायचा. पाद्री आला तर शोधायला नको म्हणून. सुरुवातीला त्याच्या टेबलावर कोणी बसत नसे. तिसऱ्या आठवड्यात तिथे जागा मिळेना. लिंडस्ट्रॉम स्वतः चार ताटं घेऊन त्याच्या शेजारी बसायला लागला.

"आता वही वर ठेव की," त्याने एझेलला सांगितलं. "मला कॉफी ठेवायला जागा नाही."

"राहू दे," एझेल म्हणाला. "तिला सवय झालीय."

चौथ्या शनिवारी घरचा सामना होता. संघाचे दोन भाग करून आपापसांत, पण खरा, लाल सदरे नाहीत, धडक पूर्ण. त्यावर कोच पहिला क्वार्टरबॅक ठरवणार होते. अर्धं गाव घडीच्या खुर्च्या घेऊन आलं होतं. पहिल्या फळीबरोबर आधी एझेल, मग वेस, असं ठरलं.

एझेलची पहिली खेळी बरी झाली. दुसरी चांगली. तिसऱ्या खेळीला आम्ही आमच्याच टोकाला अडकलो होतो, मागे फक्त चौदा यार्ड. वर्तुळात डोकी घालून उभे राहिलो तेव्हा त्याने लांब फेकीची चाल सांगितली. आमच्यातल्या एकाने त्याच्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं. चुकलं तर चेंडू समोरच्यांच्या हातात, आमच्या दारात. एझेल म्हणाला, "मला जरा वेळ मिळवून द्या. फार नको."

मी वाकलो. कोरडे हात. आवाज. चेंडू सरळ गेला आणि मी लिंडस्ट्रॉमवर आदळलो. त्याने मला अर्धं उचललं, मी पाय रोवले, आम्ही दोघे रेड्यांसारखे एकमेकांत अडकलो होतो. आणि अचानक त्याने ढकलणं थांबवलं. त्याचे हात माझ्या खांद्यांवर तसेच राहिले, पण त्यांत जोर नव्हता. तो माझ्या डोक्यावरून वर पाहत होता आणि त्याचं तोंड उघडं होतं.

"लेनी," तो म्हणाला, "बघ."

अकरा वर्षांत खेळ चालू असताना मी एकही फेक पाहिली नव्हती. सेंटरला पाहता येत नाही. मला गर्दीच्या ओरडण्यावरून आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळायचं. त्या दिवशी मी मान वळवली.

चेंडू आकाशात होता. तो एवढा उंच होता की आधी मला सापडेना. स्वतःभोवती फिरत होता, पण डळमळत नव्हता, आणि घाईत नव्हता. खाली आमचा झेलणारा पाठ करून पळत होता, त्याने मागे पाहिलंच नाही. मी मनात म्हणालो, जास्त झाली, फार जास्त झाली. मग त्या माणसाने नुसते हात पुढे केले, जणू कोणी काही देणार आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि चेंडू त्यांत उतरला. एक पाऊलसुद्धा चुकलं नाही. साठ यार्ड असेल, जास्तच.

मैदानात कोणी ओरडलं नाही. खुर्च्यांवरचे लोक उभे होते. कोचच्या हातातलं घड्याळ नुसतंच चालू होतं. मला आनंद झाला म्हणावं तर नाही. मला भीती वाटली. लहानपणी आईने पहिल्यांदा मोठ्या चर्चमध्ये नेलं आणि ऑर्गन छातीत वाजायला लागला, तेव्हा वाटली होती तशी. एवढं मोठं काही माणसाच्या हातून होऊ शकतं आणि मी त्याच्या इतक्या जवळ वाकून उभा होतो, याची. मग एकदम आरडाओरडा सुरू झाला आणि लिंडस्ट्रॉमने, विरुद्ध बाजूच्या माणसाने, मला मिठी मारली.

एझेल धावत नव्हता, नाचत नव्हता. मी शेजारी पोचलो तेव्हा म्हणाला, "वेळ पुरला. आभार." आणि बाकाकडे गेला.

मग वेस आला.

माझ्या डोळ्यांपुढे अजून तो चेंडूच होता. मी वाकलो. मागे जड हात आले, ओळखीचे, थोडे घामट. वेसने आवाज दिला, मी चेंडू दिला, आणि तो त्याच्या बोटांना लागून खाली पडला.

वेसने तो उचलला. शिटी झाली. तो माझ्या शेजारी उकिडवा बसला, बुटाची नाडी बांधायचं सोंग करत.

"सरळ आला," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"चेंडू, लेनी. सरळ आला."

मी माझ्या मनगटाकडे पाहिलं. दुसऱ्याच कोणाचं असावं तसं ते दिसत होतं. मी ठरवलं नव्हतं. देवाशपथ सांगतो, मी ठरवलं नव्हतं. "वेस, माझं लक्ष..."

"सहा जण गेले," तो म्हणाला. "मी सातवा." म्हणजे त्याला माहीत होतं. नऊ वर्षं माहीत होतं. मला कळायच्या कितीतरी आधीपासून.

"फेक पाहिलीस का?" त्याने विचारलं.

"पाहिली."

"मी बाकापाशी होतो. हातातून सुटली तेव्हापासून पाहिली." त्याने नाडी ओढली. "माझी टोपी माझ्या हातात होती, लेनी. कधी काढली ते मला आठवत नाही."

त्यानंतर मी प्रत्येक चेंडू पाव वळसा देऊन दिला, अगदी विचार करून, आणि विचार केल्यामुळे प्रत्येक चेंडू जरा उशिरा गेला. वेस तरीही छान खेळला. त्याने एकही चुकीची फेक केली नाही. पण आम्हा दोघांना कळलं होतं, आणि बाकीच्यांना सामन्याच्या आकड्यांवरून कळलं.

सोमवारी सकाळी जेवणघरात शिरलो तर वेस खिडकीशेजारी बसला होता, ताटाशेजारी वही ठेवून. एझेलच्या टेबलावर वही नव्हती. एझेलने वेसची वही पाहिली आणि अंड्याचा घास तसाच खाली ठेवला. पाद्री दारात आला, दोन पावलं पुढे आला आणि तिथेच थांबला. बारा वर्षं तो हे काम करत होता, पण त्या सकाळी त्याचा पाय पुढे पडेना.

वेसने कॉफी संपवली. उठला, वही काखेत मारली. एझेलच्या टेबलाशी थांबून त्याने त्याला उजव्या हाताची बोटं दाखवली, वाकड्यासकट, आणि म्हणाला, "चमचा बघून ओळखलंस म्हणे, लेनी सांगत होता. मला सांगायचंस, मी काटा धरला असता." एझेल हसला नाही. तो उभा राहिला, आणि मग एकेक करून सगळं जेवणघर उभं राहिलं, खुर्च्या सरकल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मग वेस माझ्यापाशी आला आणि त्याने हात पुढे केला. मी तो हातात घेतला. त्याचं वाकडं बोट माझ्या तळव्याला लागलं, आणि माझं मनगट, मी न सांगता, त्याच्यासाठी पाव वळसा फिरलं.